बॅकट्रेसमधून फंक्शन गायब का होतं: रिस्क-फाइव्हवर स्टॅक उलगडताना

समजा टेबलावर ईएसपी३२-सी३ चिपचा एक छोटा बोर्ड आहे, लॅमिंग्टन रोडवर मिळतो तसला. आत ३२ बिटांचा, एकाच कोअरचा, रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन-संचाचा प्रोसेसर आणि ४०० केबी एसरॅम, म्हणजे चिपमधली मेमरी. बोर्डावर स्टेशनातल्या इंडिकेटरसारखा प्रोग्रॅम चालतोय: पुढची लोकल कुठली, किती मिनिटांत येणार. मेन हे फंक्शन इंडिकेटर_चालवला बोलावतं, ते गाडी_शोधला बोलावतं, आणि गाडी_शोध वेळ_वाचला. चालू फंक्शनला स्टॅक नावाच्या मेमरीत सहसा स्वतःचा एक तुकडा मिळतो, ती त्याची फ्रेम; तिची जागा सांगणारं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला छोटा कप्पा, हा फ्रेम पॉइंटर.

वेळ_वाचच्या अगदी पहिल्या इन्स्ट्रक्शनवर प्रोग्रॅम थांबवला आणि निव्वळ फ्रेम पॉइंटरवर विसंबणाऱ्या एखाद्या टूलकडे बॅकट्रेस, म्हणजे कोणाला कोणी बोलावलं याची यादी, मागितला, तर तो असा येतो:

#० वेळ_वाच
#१ इंडिकेटर_चालव
#२ मेन

गाडी_शोध नाहीच. चार इन्स्ट्रक्शन पुढे सरकून पुन्हा मागा, आता चारही नावं जागेवर. प्रोग्रॅम ठणठणीत आहे, स्टॅक शाबूत आहे. चुकलाय तो फ्रेम उलगडणारा कोड. जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून तपासणारं टूल, इतक्या सोप्या ठिकाणी फसत नाही, पण प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल), क्रॅश झाल्यावर सीरियल पोर्टवर बॅकट्रेस छापणारा कोड आणि घरी लिहिलेली डीबग टूल्स इथेच फसतात. नव्या प्रोसेसरसाठी डीबगर तयार करताना बराच वेळही याच कामात जातो.

खिसा एकच, तिकिटं अनेक

तुम्ही विरारहून दादरला निघालात आणि परतीचं तिकीट शर्टाच्या खिशात ठेवलंत. दादरला उतरून पुढे ठाण्याला जायचं ठरलं, तर तिथलं परतीचं तिकीट त्याच खिशात जाणार. खिशात एकच तिकीट मावतं अशी अट असेल, तर विरारचं तिकीट आधी बॅगेत टाकायला हवं.

रिस्क-फाइव्हमध्ये तो खिसा म्हणजे आरए नावाचं रजिस्टर. एक्स० ते एक्स३१ अशी ३२ रजिस्टरं असतात. त्यांतलं एक्स१ म्हणजे आरए, एक्स२ म्हणजे स्टॅक पॉइंटर एसपी, आणि एक्स८ म्हणजे एस०, जे हवं तर फ्रेम पॉइंटर म्हणून वापरतात. कॉल करणारी जाल किंवा जालआर ही इन्स्ट्रक्शन परतीचा पत्ता आरएमध्ये ठेवते आणि उडी मारते. मेमरीत ती काहीच लिहीत नाही. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर कॉल होताक्षणी परतीचा पत्ता स्टॅकवर जातो. इथे तो स्टॅकवर केव्हा आणि कुठे ठेवायचा, हे कंपायलरने लिहिलेला कोड ठरवतो. म्हणजे परतीचं तिकीट कधी खिशात, कधी बॅगेत, आणि बॅगेचा कप्पा प्रत्येक फंक्शनचा वेगळा.

डीबगर मात्र कुठल्याही क्षणी येऊन उभा राहतो, टीसीसारखा. तिकीट खिशातून बॅगेत जात असतानाही. त्या क्षणी त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: हे फंक्शन सुरू झालं तेव्हा एसपी किती होता, आणि बोलावणाऱ्याची रजिस्टरं, आरएसकट, आत्ता कुठे आहेत. पहिल्या किमतीला सीएफए म्हणतात, म्हणजे फ्रेमचा ठरलेला पत्ता. फंक्शन संपेपर्यंत तो बदलत नाही. सीएफए बरोबर आला की पुढची फ्रेम बरोबर निघण्याची आशा. तो चुकला की त्यावर उभं राहिलेलं सगळं चुकणार.

चार इन्स्ट्रक्शन, संथ गतीने

वेळ_वाचची सुरुवात, म्हणजे प्रोलॉग, असा आहे. डावीकडे फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर बाइटमध्ये:

+० एडीडीआय एसपी, एसपी, -३२
+४ एसडब्ल्यू आरए, २८(एसपी)
+८ एसडब्ल्यू एस०, २४(एसपी)
+१२ एडीडीआय एस०, एसपी, ३२

आत शिरताना एसपी ८१९२ होता असं धरू. पहिल्या इन्स्ट्रक्शननंतर तो ८१६० होतो. दुसरी आरए ८१८८ वर ठेवते, तिसरी जुना एस० ८१८४ वर, आणि चौथी एस० मध्ये ८१९२ भरते. म्हणजे प्रोलॉग पूर्ण झाल्यावर एस० म्हणजेच सीएफए, त्याच्या ४ बाइट खाली आरए, आणि ८ बाइट खाली जुना एस०. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर हीच अंतरं ८ आणि १६ होतात.

आता +० वर उभे राहू. यातलं अजून काहीच घडलेलं नाही. आरए रजिस्टरमध्येच आहे, एस० अजून गाडी_शोधचा आहे. गाडी_शोधची फ्रेमही ३२ बाइटची असेल तर तो एस० ८२२४ असणार. साधं टूल एस० वाचतं, ४ बाइट खाली जातं, ८२२० वरचा पत्ता उचलतं आणि म्हणतं, मला बोलावणारा हा. पण ८२२० वर आहे तो गाडी_शोधच्या परतीचा पत्ता, म्हणजे इंडिकेटर_चालवमधली जागा. गाडी_शोधकडे परत नेणारा पत्ता आरए रजिस्टरमध्ये पडून होता, तिकडे कोणी पाहिलंच नाही. मधलं फंक्शन गळालं ते असं. आणि उरलेली साखळी इतकी सुसंगत दिसते की शंकासुद्धा येत नाही.

म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी उत्तर वेगळं हवं:

+० वर: सीएफए = एसपी, आरए रजिस्टरमध्ये
+४ वर: सीएफए = एसपी + ३२, आरए अजून रजिस्टरमध्ये
+८ वर: सीएफए = एसपी + ३२, आरए सीएफएच्या ४ बाइट खाली
+१२ वर: तेच, शिवाय जुना एस० सीएफएच्या ८ बाइट खाली
+१६ पासून पुढे: सीएफए = एस०

फंक्शनच्या शेवटी, एपिलॉगमध्ये, हे सगळं परत उलटवलं जातं. आधी आरए मेमरीतून परत येतो, मग एस०, मग एसपीमध्ये ३२ मिळवले जातात, मग बोलावणाऱ्याकडे परत नेणारी रेट ही इन्स्ट्रक्शन. एस० परत आला त्या क्षणी तो पुन्हा गाडी_शोधचा झाला, तेव्हा सीएफए परत एसपी + ३२ असा काढायचा. एसपी वर सरकला की सीएफए = एसपी. प्रोलॉगची काळजी घेणारे अनेक जण एपिलॉग विसरतात, आणि मग फंक्शन संपता संपता बॅकट्रेस एकदम वेडावाकडा होतो.

कंपायलरने दिलेला तक्ता

वरचा तक्ता कंपायलरला तयारच माहीत असतो, कारण एसपी त्यानेच हलवलाय. तो लिहून ठेवण्याची पद्धत ड्वार्फ या डीबग माहितीच्या मानकात आहे. ईएलएफ फाइलमध्ये, म्हणजे बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, तक्ता डीबग_फ्रेम किंवा ईएच_फ्रेम या भागात बसतो. अनेक फंक्शनांना सामाईक असलेल्या गोष्टी एका सीआयई नोंदीत असतात. परतीचा पत्ता कुठल्या रजिस्टरमध्ये असतो हे त्यातच लिहिलेलं असतं, आणि रिस्क-फाइव्हसाठी तिथे १ हा आकडा येतो. प्रत्येक फंक्शनसाठी वेगळी एफडीई नोंद, आणि तिच्यात ‘इतके बाइट पुढे सरका, आता सीएफए असा’ अशा छोट्या सूचना.

ही फाइल वाचणाऱ्या रीडएल्फ या टूलला फ्रेम्स-इंटर्प हा पर्याय दिला की हा तक्ता माणसाला वाचता येईल अशा ओळींत छापून मिळतो. बॅकट्रेसवर संशय आला की पहिलं काम हे: एका बाजूला ऑब्जडंप या टूलने काढलेलं डिसअसेंब्ली (बायनरीतल्या इन्स्ट्रक्शनची वाचता येणारी यादी), दुसऱ्या बाजूला हा तक्ता, आणि ओळ लावून तपासा. एसपी किंवा एस० बदलणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर तक्त्यात नवी ओळ आहे ना? एपिलॉगच्या ओळी आहेत ना? काही कंपायलर आवृत्त्यांनी त्या गाळलेल्या असतात. तशा वेळी दोष तक्त्याचा असतो. तो डीबगरमध्ये ठिगळं लावून झाकायला गेलं की दुसऱ्या कंपायलरवर नवीन चूक उभी राहते.

हाताने लिहिलेल्या असेंब्लीला तक्ता आपोआप मिळत नाही. एसपी हलवला की सीएफआय_डेफ_सीएफए_ऑफसेट, रजिस्टर ठेवलं की सीएफआय_ऑफसेट, असे निर्देश स्वतः लिहावे लागतात. स्टार्टअप कोडमध्ये तर एक ओळ हमखास हवी: आरए ‘अनडिफाइन्ड’ आहे असं सांगणारी. ‘इथून मागे कोणी नाही’ हे डीबगरला कळण्याचा तो सगळ्यात स्वच्छ मार्ग. ती ओळ नसेल तर डीबगर मेनच्याही मागे जातो आणि आरएमध्ये जो कचरा उरलाय त्याला फंक्शन समजून नाव शोधत बसतो.

तक्ता नसेल तेव्हा

डीबग माहिती काढून टाकलेली लायब्ररी, चिपच्या रॉममधला कोड, दुसऱ्याने दिलेली बायनरी. इथे तक्ता नाही. मग इन्स्ट्रक्शन वाचूनच अंदाज बांधावा लागतो. जीडीबीत रिस्क-फाइव्हसाठी हे काम करणारा प्रोलॉग स्कॅनर आहे आणि त्यामागची युक्ती फार देखणी आहे.

स्कॅनर फंक्शनच्या सुरुवातीपासून कोड ‘चालवतो’, पण खऱ्या आकड्यांवर नाही. सुरुवातीला प्रत्येक रजिस्टरची किंमत ‘स्वतःची मूळ किंमत अधिक शून्य’ अशी धरतो. पहिल्या एडीडीआयनंतर एसपी होतो ‘मूळ एसपी उणे ३२’. एसडब्ल्यू पाहिल्यावर तो टिपून ठेवतो की ‘मूळ एसपी उणे ४’ या जागी ‘मूळ आरए’ आहे. चौथ्या इन्स्ट्रक्शननंतर एस० होतो ‘मूळ एसपी अधिक ०’. रजिस्टरमध्ये थेट आकडा भरला गेला तर किंमत म्हणजे तो आकडा. याहून अवघड काही दिसलं, गुणाकार म्हणा किंवा मेमरीतून आलेलं काही, तर किंमत ‘अज्ञात’. एवढ्या तीनच प्रकारांवर सगळा हिशेब चालतो. थांबलेल्या जागी पोचल्यावर एसपी ‘मूळ उणे ३२’ आहे आणि चिपमधला खरा एसपी ८१६० आहे, म्हणजे मूळ एसपी ८१९२. सीएफए मिळाला.

यात कळीचा मुद्दा एकच: स्कॅन थांबलेल्या इन्स्ट्रक्शनपाशीच थांबला पाहिजे, तिला न मोजता. प्रोलॉगच्या शेवटापर्यंत वाचून मग हिशेब केला, तर +० वर उभे असतानाही स्कॅनर एसपी आधीच ३२ ने खाली गेलाय असं समजतो, आणि ८२२४ हा सीएफए काढून पुन्हा गाडी_शोधला गिळतो.

बाकीच्या चुका बारीक आहेत, पण ठरलेल्या जागी होतात.

एडीडीआयमधला आकडा १२ बिटांचा आणि चिन्हासकट असतो, -२०४८ ते २०४७. चिन्ह पुढे न्यायचं विसरलं की -३२ चे ४०६४ होतात आणि सीएफए भलतीकडेच जातो. फ्रेम मोठी असेल तर एका एडीडीआयमध्ये काम भागत नाही. जीसीसी हा कंपायलर बहुधा आधी एसपी २०३२ ने खाली नेतो, रजिस्टरं ठेवतो, मग उरलेला आकडा लुइ या इन्स्ट्रक्शनने टी० (एक्स५) या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये भरून एडीडीने एसपीत मिळवतो. २०३२ च का, तर स्टॅक नेहमी १६ च्या पटीत ठेवावा लागतो आणि परतताना +२०४८ हा आकडा १२ बिटांत बसत नाही. स्कॅनरला लुइ आणि एडीडी समजत नसतील, तर स्थानिक चलांत मोठा बफर असलेलं प्रत्येक फंक्शन त्याला आंधळं करतं.

मग आखूड इन्स्ट्रक्शन. ईएसपी३२-सी३ सारख्या चिपवर १६ आणि ३२ बिटी इन्स्ट्रक्शन एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि आपला चार ओळींचा प्रोलॉग १६ ऐवजी ८ बाइटमध्ये मावतो. खालचे दोन बिट ११ असतील तर इन्स्ट्रक्शन ३२ बिटी, नाहीतर १६ बिटी. पुढे वाचत जाताना हे सोपं आहे. मागे वाचत फंक्शनची सुरुवात शोधणं मात्र भरवशाचं नाही, कारण ३२ बिटी इन्स्ट्रक्शनचा वरचा अर्धा भाग एखाद्या वैध १६ बिटी इन्स्ट्रक्शनसारखा दिसू शकतो. म्हणून सिंबल टेबल, म्हणजे फंक्शनांची नावं आणि पत्ते, तरी शिल्लक ठेवा. फंक्शन कुठे सुरू होतं एवढं कळलं तरी स्कॅनरचं पुष्कळ काम होतं.

आणि एक चूक अशी की तिने भल्याभल्यांचे तास खाल्ले आहेत: स्कॅनर मेमरी वाचतो, पण त्या मेमरीत डीबगरनेच ब्रेकपॉइंटसाठी ई-ब्रेक ही इन्स्ट्रक्शन पेरलेली असते. प्रोलॉगमध्ये ब्रेकपॉइंट असेल तर खरी इन्स्ट्रक्शन झाकली जाते, स्कॅनर अडखळतो, आणि ब्रेकपॉइंट काढला की सगळं नीट. मेमरी वाचताना पेरलेल्या जागी मूळ बाइट परत घालून द्यायला हवेत. जीडीबी ते करतं. स्वतःचं टूल लिहिणाऱ्याने ते लक्षात ठेवून करायचं.

एपिलॉगसाठी स्कॅनरला थोडं पुढे पाहायला लावा. थांबलेली इन्स्ट्रक्शन रेट असेल तर सीएफए = एसपी आणि आरए रजिस्टरमध्ये, हा नियम बिनधोक आहे. एडीडीआय एसपी, एसपी, ३२ आणि लगेच रेट असेल तर सीएफए = एसपी + ३२ आणि रजिस्टरं परत आलेली. एवढ्या दोन आकृत्या ओळखल्या तरी मोठा फरक पडतो.

ठरलेल्या चौकटीत न बसणारी फंक्शनं

जे फंक्शन दुसऱ्या कोणाला बोलावत नाही ते आरए स्टॅकवर ठेवतच नाही. खिसा रिकामा करायची गरजच नाही. फ्रेम पॉइंटर चालू ठेवून बांधलेल्या कोडमध्ये अशा फंक्शनात फक्त एस० ठेवला जातो, आणि तोही जिथे एरवी आरए असतो त्या जागी. लिनक्स कर्नलच्या रिस्क-फाइव्ह भागात यावर चांगला तोडगा आहे: सगळ्यात आतल्या फ्रेममध्ये आरएच्या जागी सापडलेली किंमत स्टॅकच्या पत्त्यासारखी दिसत असेल, तर ती जुना एस० समजायची आणि परतीचा पत्ता आरए रजिस्टरमधून घ्यायचा. हे फक्त सगळ्यात आतल्या फ्रेमलाच लागू, कारण मधल्या फ्रेमने कोणाला तरी बोलावलंय म्हणूनच ती मधली आहे.

कोडचा आकार कमी करायला जीसीसीला एम-सेव्ह-रिस्टोर हा पर्याय दिला, तर प्रोलॉग फंक्शनातून उठून एका सामाईक रूटीनमध्ये जातो. त्या रूटीनला बोलावताना आरए वापरता येत नाही, त्यात तर खरं तिकीट आहे. म्हणून परतीचा पत्ता टी० मध्ये जातो. त्या रूटीनच्या आत थांबलात तर उलगडणाऱ्याला परतीचं रजिस्टर १ नव्हे, ५ आहे हे कळलं पाहिजे. आणि स्कॅनरला फंक्शनच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर उडी दिसते. ‘उडी दिसली, प्रोलॉग संपला’ हा नेहमीचा नियम इथे घात करतो. रूटीनचं नाव ओळखून, त्याने कोणती रजिस्टरं ठेवली आणि एसपी कितीने हलवला, हे हिशेबात धरावं लागतं.

झेडसीएमपी या नव्या विस्तारात तर सीएम-पुश ही १६ बिटी एकच इन्स्ट्रक्शन रजिस्टरं ठेवते आणि एसपीही हलवते. इथली मेख अशी की ती मोठ्या क्रमांकाचं रजिस्टर वर ठेवते आणि आरए सगळ्यात खाली. आरए आणि एस० ठेवले तर सीएफएच्या ४ बाइट खाली एस० असतो आणि ८ बाइट खाली आरए, नेहमीच्या बरोब्बर उलट. अंतर गृहीत धरणारा कोड इथे एस० च्या किमतीला परतीचा पत्ता समजतो.

टेल कॉलची गोष्ट वेगळी. गाडी_शोधची शेवटची ओळ वेळ_वाचला बोलावणं एवढीच असेल, तर -ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर कंपायलर कॉलऐवजी सरळ उडी घालतो आणि गाडी_शोधची फ्रेम आधीच मोडतो. मग स्टॅकवर ते खरोखरच नसतं. उलगडणाऱ्या कोडला दोष देण्याआधी डिसअसेंब्लीत ती उडी आहे का पाहून घ्या.

सगळ्या आर्किटेक्चरचे प्रश्न सारखे नसतात, हेही इथे सांगायला हवं. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहेत, त्यांना वरचं सगळं लागू. पवईला आयआयटी मुंबईत घडलेला अजित मात्र स्पार्क व्ही८ वर आहे. तिथे रजिस्टरांची खिडकीच सरकते: बोलावणाऱ्याची ‘ओ’ रजिस्टरं बोलावलेल्याची ‘आय’ रजिस्टरं होतात. कॉल इन्स्ट्रक्शन स्वतःचाच पत्ता नोंदवते, म्हणून परतायचं ते त्याच्या ८ बाइट पुढे. जुन्या खिडक्या कधी चिपमध्ये तर कधी स्टॅकवर असतात, तेव्हा डीबगरला आधी त्या स्टॅकवर उतरवून घ्याव्या लागतात. मग प्रत्येक फ्रेमच्या एसपीपासून ५६ बाइटवर मागचा फ्रेम पॉइंटर आणि ६० बाइटवर कॉलचा पत्ता ठरलेल्या जागी मिळतो. रिस्क-फाइव्हचा कोड तिकडे उचलून नेला तर एक ओळ उपयोगी पडायची नाही.

एक बाइट मागे, आणि कधी नाही

परतीचा पत्ता म्हणजे कॉलनंतरची इन्स्ट्रक्शन. आता एखाद्या फंक्शनच्या शेवटी, प्रोग्रॅम तिथेच संपवणाऱ्या अबॉर्टला कॉल आहे. अबॉर्ट परत येत नाही हे कंपायलरला ठाऊक असतं, म्हणून त्यापुढे तो काहीच लिहीत नाही. मग परतीचा पत्ता थेट शेजारच्या फंक्शनच्या पहिल्या बाइटवर पडतो, आणि डीबगर भलत्याच फंक्शनचं नाव आणि भलताच तक्ता उचलतो. उपाय जुना आणि सोपा आहे: बोलावणाऱ्या फ्रेमसाठी तक्ता आणि ओळ शोधताना पत्त्यातून १ वजा करा. शोधापुरताच, बाकी पत्ता तसाच ठेवा.

पण इंटरप्ट किंवा सिग्नलने थांबलेल्या फ्रेमला हे लावायचं नाही. तिथे कोणी कॉल केलेला नसतो. कोड चालता चालता मध्येच तोडला गेलाय. एक बाइट मागे गेलात तर तक्त्यातली आधीची ओळ लागेल, आणि ती पहिली इन्स्ट्रक्शन असेल तर आधीचं फंक्शनच लागेल. ड्वार्फमध्ये अशा फ्रेमच्या सीआयईवर एस अशी खूण असते, ती पाहून वजाबाकी टाळायची.

इंटरप्टमध्ये आणखी एक गुंता. तुटलेल्या जागेचा पत्ता आरएमध्ये नसून एमईपीसी या नियंत्रण रजिस्टरमध्ये असतो. त्याच वेळी तुटलेल्या फंक्शनचा आरए अजून स्टॅकवर गेलेला नसू शकतो, आपण +० वर पाहिलं तसा. म्हणजे हँडलरच्या, इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडच्या, तक्त्याने दोन्ही सांगायला हवं: पत्ता इथून घ्या, आणि आरए इकडे जपलाय. एकच दिलं तर इंटरप्ट प्रोलॉगमध्ये आला तेवढ्यापुरताच बॅकट्रेस चुकतो, म्हणजे हजारातून एखाद्या वेळी. असा दोष पकडणं फार कष्टाचं असतं.

थांबावं कुठे, तपासावं कसं

चुकीची फ्रेम दाखवण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं आम्हाला ठाम वाटतं. अर्धा बॅकट्रेस पाहून माणूस पुढे शोधतो. चुकीचा पाहिला की त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि अख्खा दिवस भलत्या फंक्शनात घालवतो. म्हणून प्रत्येक पायरीवर तपासा: पत्ता शून्य आहे का, तो कोडच्या भागात पडतो का, सीएफए १६ च्या पटीत आहे का, आणि आधीच्या सीएफएपेक्षा लहान तर नाही ना. स्टॅक खाली वाढतो, मग मागे जाताना सीएफए वाढतच गेला पाहिजे. जीडीबीत ‘प्रीव्हियस फ्रेम इनर टू धिस फ्रेम’ असा इशारा येतो तो यामुळेच. सिग्नलसाठी वेगळा स्टॅक दिला असेल तर तेवढा अपवाद ठेवावा लागतो. आणि पीसीच (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) शून्य असेल, म्हणजे रिकाम्या फंक्शन पॉइंटरमधून उडी गेली असेल, तर एसपी हलायच्या आधीच सगळं थांबलंय असं समजून आरए वापरा. दोषी फंक्शन पुढच्याच ओळीत येतं.

सीएफए बॅकट्रेसपुरताच नसतो. सीएफए आणि फंक्शनची सुरुवात मिळून डीबगर फ्रेमची ओळख ठरवतो. पुढच्या ओळीवर नेणारी ‘नेक्स्ट’ ही आज्ञा दिल्यावर आपण त्याच फंक्शनात आहोत की नव्या, हे त्याला या ओळखीवरूनच कळतं. प्रोलॉगमध्ये ओळख बदलली तर नेक्स्ट भलतीकडे थांबतं आणि फंक्शन पूर्ण करून बाहेर आणणारं ‘फिनिश’ नको तिथून बाहेर पडतं. तक्रार ‘स्टेपिंग बिघडलंय’ अशी येते, मूळ मात्र उलगडण्यात असतं.

तपासणीची रीतही यातूनच निघते. वेळ_वाचच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबा. जीडीबीत त्यासाठी नावाआधी तारांकन द्यावं लागतं, नाहीतर ब्रेकपॉइंट प्रोलॉगच्या पुढे सरकतो आणि नेमकी नाजूक जागा निसटते. मग रेटपर्यंत स्टेपआयने एकेक इन्स्ट्रक्शन चाला. प्रत्येक थांब्यावर इन्फो फ्रेममधून सीएफए टिपा, आणि अप करून बोलावणाऱ्याचा एसपी, एस० आणि पीसी टिपा. पहिल्यापासून शेवटपर्यंत ही चारही उत्तरं तीच राहिली पाहिजेत. कुठल्या इन्स्ट्रक्शनवर बदलली ते कळलं की दोष सापडल्यातच जमा. हेच नंतर ‘मेंट सेट ड्वार्फ अनवाइंडर्स ऑफ’ ही आज्ञा देऊन पुन्हा करा, म्हणजे तक्ता बाजूला पडून प्रोलॉग स्कॅनरची परीक्षा होते. ‘सेट डीबग रिस्कव्ही अनवाइंडर ऑन’ दिलं की स्कॅनर काय समजतोय ते छापून येतं. -ओ०, -ओ२ आणि -ओएस, आखूड इन्स्ट्रक्शनसह आणि त्यांच्याविना, सेव्ह-रिस्टोरसह आणि त्याविना, एवढ्या सगळ्या जोड्या फिरवा. मोठ्या बफरचं एक फंक्शन आणि अलोका (प्रोग्रॅम चालताना स्टॅकवर जागा घेण्याची सोय) वापरणारं एक फंक्शन चाचणीत हमखास ठेवा. अलोकामध्ये एसपी किती हलला हे कोडवरून कळत नाही, तिथे सीएफए एस० वरूनच निघतो का ते दिसतं.

लहान चिपवर जागा जाईल म्हणून -जी, म्हणजे कंपायलरकडून डीबग माहिती मागणारा पर्याय, टाळण्याचं कारण नाही. डीबग_फ्रेम लॅपटॉपवरच्या ईएलएफ फाइलमध्येच राहतो, फ्लॅशमध्ये उतरत नाही. फ्लॅश खातो तो ईएच_फ्रेम. फ्रेम पॉइंटर मात्र काही इन्स्ट्रक्शन आणि एक रजिस्टर खातो. तरीही फेडोराने २०२३ मध्ये ३८ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २४.०४ पासून तो आपल्या पॅकेजांत परत चालू केला, कारण प्रोफायलरला दर सेकंदाला शेकडो वेळा तक्ता वाचत बसणं परवडत नाही. बोर्डावर दोन्ही ठेवता आले तर ठेवा. आणि बोर्डावर चढवलेल्या प्रत्येक बिल्डची ईएलएफ फाइल त्याच बिल्डच्या नावाने जपून ठेवा. एका ओळीच्या फरकाने फंक्शनं चार बाइट सरकली तरी तक्ता दुसऱ्याच इन्स्ट्रक्शनचा लागतो, आणि गाडी_शोध पुन्हा गायब होतं.